वाट दरीची, हिशोब पठाराचा

वाशिम जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे सोयाबीन आणि तुरीची सपाट शेते येतात. दरी, कडा, गर्द सावलीतला ओढा असले काही येत नाही. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा खरोखरच बराचसा पठारी आहे. पण पठार म्हटले की त्याला कुठेतरी काठ असणार, आणि वाशिमचा उत्तरेकडचा काठ चांगलाच बोलका आहे. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, तर अकोला 300 मीटरच्या आसपास. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा पूर्वेकडचा, खचत गेलेला भाग असून पाण्याचा मोठा दुभाजक त्याच्यावरूनच जातो. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचे पाणी वर्धा-प्राणहितेमार्गे गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळते, पूर्णेला मिळते, आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. एकाच गावच्या शिवारात पडलेल्या पावसाचे असे दोन समुद्रांत वाटप व्हावे, ही इथली साधी वस्तुस्थिती आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या पाण्याला थोड्या अंतरात बरीच उंची उतरायची असते, म्हणून ते जमीन अधिक खोल कापते. मालेगाव तालुक्याचा उत्तर भाग आणि त्याला लागून अकोला जिल्ह्यात पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य इथल्या सावलीतल्या, ओढे ओलांडत जाणाऱ्या पायवाटा या उतारानेच घडवल्या आहेत. या वाटांवर पाऊल ठेवणाऱ्याने आधी दरीच्या वरचे पठार समजून घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. दरीतली सावली किती दिवस टिकणार आणि ओढा कुठल्या क्षणी अंगावर येणार, या दोन्ही गोष्टी दरीत ठरत नाहीत.

सह्याद्रीत फिरणारा भटका यावर हसेल, हे गृहीत धरतो. दरीच पाहायची तर अकोले तालुक्यातल्या साम्रदची सांदण दरी आहे. वाशिमच्या ओढ्यांचे काय कौतुक? सांदणचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. जवळपास दोन किलोमीटर लांब भेग, काही ठिकाणी दोन-तीन मीटर रुंद, बाजूला दोनशे फुटांपर्यंत चढलेल्या भिंती, आणि सुरुवातीलाच पार करावे लागणारे पाण्याचे डोह. पण तिथली सावली कातळाची आहे. एप्रिलच्या भर दुपारी, एक झाडही नसताना, ती पडणारच. वाशिमकडच्या दऱ्या उथळ आणि रुंद. त्यांच्या भिंती दुपारच्या उन्हाला अडवू शकत नाहीत. इथे सावली झाडांची असते, आणि झाडे पाण्याच्या जिवावर उभी असतात. सावली अशी दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळेच मला ती अभ्यासायला अधिक मोलाची वाटते. कातळ काही बोलून दाखवत नाही, झाडे बोलून दाखवतात.

हे पाणी कुठून येते ते समजायला खडकाकडे पाहावे लागते. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यातला प्रत्येक थर एकजिनसी नाही. मधला भाग घट्ट, उभ्या भेगांनी चिरलेला काळा कातळ. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, लवकर झिजून मुरूम होणारा. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल मातीचा पातळ पट्टा सापडतो. पठारावर पडलेल्या पावसाचा काही अंश भेगांतून खाली झिरपतो, त्या लाल पट्ट्यावर किंवा भेगा नसलेल्या घट्ट कातळावर अडतो आणि मग आडवा सरकू लागतो. दरीने जिथे हे थर कापले आहेत तिथे तो बाहेर पडतो. म्हणून इथल्या उतारावर ओल एका विशिष्ट उंचीवर आडव्या रेषेत दिसते: त्या रेषेच्या वर कोरडा मुरूम, खाली शेवाळ, नेचे, आणि उंबराची मुळे कातळात घुसलेली. ओढाही याच पायऱ्यांनी उतरतो. घट्ट थराच्या काठावरून तो उडी घेतो, पायथ्याशी डोह कोरतो आणि मऊ थरावर येताच पसरट होऊन दगडगोट्यांतून वाहू लागतो. वाट जिथे ओढा ओलांडते ती जागा बहुतेक वेळा या पसरट टप्प्यावर असते. ती कुणी नकाशावर आखलेली नसते. गुरांनी आणि गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली घालून ती ठरवलेली असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे पानझडीचे जंगल आहे, फेब्रुवारीनंतर सागवान उघडे पडते, मग सावलीची भाषा कशाला? उतारापुरते हे अगदी खरे. साग, सालई, धावडा, तेंदू, मोहा ही उतारावरची मंडळी उन्हाळ्यात पाने गाळून पाणी वाचवतात, आणि विदर्भाच्या 44-45 अंशांच्या उन्हात तो टेकड्यांचा भाग भाजून निघतो. पण ओढ्याच्या दोन्ही काठांवर काही पावलांचा एक पट्टा वेगळ्या नियमाने जगतो. जांभूळ, उंबर, अर्जुन, करंज. यातले करंज पाने गाळते तेही थोडक्या दिवसांसाठी, आणि चैत्र-वैशाखात, नेमक्या कडक उन्हात, कोवळ्या चकचकीत पालवीने भरून जाते. ही झाडे उन्हाळ्यात इतका थाट करू शकतात, कारण त्यांच्या मुळांना वाळूखालचा ओलावा पोचलेला असतो. वरून ओढा आटलेला दिसला तरी वाळूत हातभर झिरा खणला की पाणी लागते, हे इथल्या गुराख्याला सांगावे लागत नाही. झाडांच्या पानांतून उडणारी वाफ आणि दाट छाया या दोहोंमुळे हा पट्टा शेजारच्या उतारापेक्षा थंड राहतो. वन्यप्राणीही दुपारी तिथेच येतात. म्हणजे सावलीचा पट्टा हा भूजलाचा दृश्य नकाशा झाला. ज्या ओढ्याकाठची जांभळे वरच्या फांद्यांपासून वाळू लागली, त्याच्या पठारावर पाण्याचे काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे.

सावली, पाणी आणि कातळ यांचा हा मेळ वाशिमच्या राज्यकर्त्यांना दीड हजार वर्षांपूर्वी उमगला होता, असे म्हणायला जागा आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे करवून घेतले. अजिंठ्याची जागा पाहिली तर ती निवड किती जाणती होती ते कळते. वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी कापली आहे, वरच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा आहे, आणि लेणी आहेत ती घट्ट कातळाच्या भिंतीत, नदीच्या पात्रापासून बऱ्याच उंचीवर. पाणी हवे होते म्हणून पात्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या खोदल्या. मुक्काम मात्र पुराच्या रेषेवर ठेवला. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास हे दोन्ही पावसाळ्यात प्रवास थांबवण्याचे नियम आहेत. शिरपूर आणि कारंजा या वाशिममधल्या जैन क्षेत्रांत चातुर्मास आजही पाळला जातो. त्यामागचे सांगितलेले कारण पावसाळ्यात फोफावणाऱ्या जीवांना इजा होऊ नये हे आहे, पुराची भीती हे नव्हे. तेव्हा त्यातून भलताच अर्थ काढू नये. पण या भूमीत पायी चालणाऱ्यांचे वेळापत्रक पावसाने ठरवायचे ही रीत जुनी आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता ओढा अंगावर येण्याचा प्रश्न. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होते. ओढा ओलांडण्याच्या जागेच्या वर फक्त 10 चौरस किलोमीटरचे पाणलोट आहे असे धरू. त्यावर 20 मिलिमीटरची एक सर कोसळली आणि त्यातले निम्मे पाणी वाहून आले तर 10 कोटी लिटर झाले. ते तासाभरात उतरायचे म्हटले तरी दर सेकंदाला सुमारे 28 हजार लिटर. उन्हाळ्यात गावोगावी फिरणारे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला कुणी पात्रात रिते करावेत तसे. आणि 20 मिलिमीटर म्हणजे काही प्रलय नव्हे. महसूल खात्याच्या लेखी अतिवृष्टी होण्यासाठी मंडळातल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जावा लागतो. अर्ध्या तासात पडलेली 20 मिलिमीटरची सर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत यायची नाही, पण दरीतल्या माणसाला वाहून न्यायला पुरेशी ठरेल. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 पर्यटक असेच वाहून गेले. मोठा पाऊस त्यांच्या डोक्यावर पडलाच नव्हता, तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला झाला होता. आपल्याकडे 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण गेले. वर्षासहलीला आलेली माणसे पायाखालचे पाणी पाहतात आणि वरचा डोंगर पाहायचा राहतो.

वाशिमच्या पठाराची आणखी एक खोड आहे, ती काळ्या मातीची. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस या भेगा पिऊन टाकतात आणि ओढ्याला फारसे पाणी येत नाही. तेव्हा पाहिलेल्या ओढ्यावरून कुणी अंदाज बांधला तर तो फसणार. जुलैच्या मध्यापर्यंत माती फुगून भेगा मिटतात, पाणी मुरण्याचा वेग अगदी कमी होतो, आणि मग जूनच्या निम्म्या पावसाने दुप्पट पूर येऊ शकतो. टेकड्यांवर तर मातीचा थरच पातळ. तिथले पाणी थांबतच नाही. म्हणून ‘आज किती पाऊस पडला’ या प्रश्नाइतकाच ‘गेल्या आठवड्यात पठार किती भिजले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाशिमला वर्षभरात साधारण 750 ते 950 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. पण ऑक्टोबरमधला एखादा परतीचा पाऊस, माती आधीच तुडुंब असल्यामुळे, फार अवचित ओढा फुगवतो.

प्रत्यक्ष ओलांडताना खोलीची भीती सगळ्यांना वाटते, वेगाची फारशी कुणाला वाटत नाही. वास्तविक वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. ऑस्ट्रेलियातल्या पूर-मार्गदर्शिकेत माणसाच्या तोल जाण्यावरच्या प्रयोगांतून एक सोपा गुणाकार दिला आहे. पाण्याची मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार प्रौढ माणसासाठी 0.6 च्या आत असला तर धोका कमी; मुलांसाठी ही मर्यादा 0.4. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी धरले तर वेगाची मर्यादा येते सेकंदाला 1.2 मीटर, आणि आपली सपाट रस्त्यावरची सहज चाल जवळपास तेवढीच असते. म्हणून काठावरच एक चाचणी घेता येते. वाळके पान किंवा काडी प्रवाहाच्या मध्यावर टाकावी आणि काठाने तिच्याबरोबर नेहमीच्या चालीने चालावे. पान पुढे निघून गेले आणि पाणी गुडघ्याला लागणारे असेल, तर उतरू नये. शेवाळलेल्या गोट्यांवर ही मर्यादाही जास्तच आहे, हे ध्यानात ठेवून तिच्या बरेच आत राहावे.

जागा निवडतानाही डोळा फसवतो. ओढा अरुंद झालेला दिसला की दोन ढांगांत पार होऊ असे वाटते, पण तेवढेच पाणी कमी रुंदीतून जायचे तर ते खोल तरी होणार किंवा वेगवान तरी. पसरट, खळाळणारा, दगड दिसणारा भाग लांब असला तरी बरा. ओलांडण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला धबधबा, डोह किंवा आडवे पडलेले झाड नसावे; झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. पायातले बूट काढू नयेत, पाठपिशवीचे छातीवरचे आणि कंबरेचे पट्टे सोडावेत, काठी वरच्या अंगाला टेकवून तोंड प्रवाहाकडे ठेवून आडवे सरकावे. आणि नितळ पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज आला, तर ओढ्याने वरच्या पठाराचा निरोप धाडला आहे. वस्तू मागे ठेवून उंच काठ गाठावा.

‘गावातली माणसे तर रोज ओलांडतात’ हे नेहमीचे उत्तर. ओलांडतात हे खरे, पण कशी ते कुणी नीट पाहत नाही. गावातला माणूस पाणी चढलेले दिसले की काठावर बसतो, तंबाखू मळतो, पाणी उतरायची वाट पाहतो. लहान पाणलोटाचा पूर जसा झरझर चढतो तसाच दोन-चार तासांत ओसरतो, म्हणून ही वाट पाहणे स्वस्त असते. पर्यटकाला संध्याकाळची गाडी गाठायची असते. त्याचे धाडस बहुधा या घाईतून येते. मोबाइलवरच्या अंदाजावर विसंबणाऱ्यांनाही तेच सांगावे लागेल. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ अंदाज जिल्ह्यापुरता असतो, आणि वाशिम जिल्हा सुमारे 5 हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपल्या ओढ्याचे पाणलोट त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतकेही नसेल. अंदाज बिनकामाचा नाही. निघायचे की नाही हे त्यावर ठरवता येते. ओलांडायचे की नाही ते मात्र त्यावर ठरत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा अधिक कामाचा. 2017 पासून हे नकाशे संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यावर ओलांडण्याच्या जागेपासून दोन्ही बाजूंच्या माथ्यांवरून रेघ ओढत वर नेली की पाणलोटाचा आकार समोर येतो, आणि कोणत्या गावावर ढग दाटले तर आपण मागे फिरायचे हेही.

चालण्याचा खरा हंगाम त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर असा आखूड निघतो. पाऊस आटोपलेला, झरे चालू, सागाला पाने शिल्लक, पाणी घोट्याएवढे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि वाटाड्याशिवाय टाकू नये. ओढ्याचा काठ ही चौशिंग्याची पाण्यावर येण्याची जागा आहे, त्याच्या वेळा त्याला मोकळ्या ठेवायला हव्यात. पण हा आखूड हंगामही हमखास राहिलेला नाही. पठारावर विंधन विहिरींनी उपसा वाढला की लाल पट्ट्यावरून आडवे सरकणारे पाणी दरीपर्यंत पोचायच्या आधीच उचलले जाते आणि झरे लवकर थांबतात. इथे शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. कोरडवाहू तुरीला किंवा रब्बीच्या हरभऱ्याला एक पाणी देण्यावर त्याच्या वर्षाचा हिशोब असतो. पण पाऊस शेतातच थांबवणारी कामे, बांधबंदिस्ती, रुंद वरंबा-सरीवरची सोयाबीनची पेरणी, शेततळी, यांनी पिकालाही फायदा होतो आणि दरीलाही: एकदम उतरणारे पाणी कमी होते, सावकाश झिरपणारे वाढते. म्हणजे ओढ्याचा पूर मवाळ करणारे आणि सावली लांबवणारे काम एकच आहे, आणि ते दरीपासून लांब, नांगराखालच्या जमिनीत होते. नाला खोलीकरणाबद्दल मात्र सरसकट उत्साह नको. पठारावरच्या गाळाने भरलेल्या नाल्यात ते उपयोगी ठरू शकते. दरीतल्या ओढ्याची वाळू आणि गोटे उपसले तर झिऱ्याचे पाणी खाली जाते आणि काठच्या जांभूळ-करंजांची मुळे उघडी पडतात.

राहिला प्रश्न पुलांचा. प्रत्येक ओढ्यावर रपटा किंवा लोखंडी साकव टाकून धोका संपवावा, अशी मागणी हौशी मंडळींकडून होते. गावाचा रोजचा रस्ता असेल, शाळेत जाणारी मुले असतील, तर पूल हवाच. तिथे वाद नाही. जंगलातल्या फिरण्याच्या वाटेवर मात्र रपटा उलटा घातक ठरू शकतो. काँक्रीट दिसले की माणूस निर्धास्त होतो आणि रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गुळगुळीत तळावरून पाय सुटायला वेळ लागत नाही. गुराख्याच्या शहाणपणाला थोडी जोड देता येईल असे दोन स्वस्त उपाय आहेत. ओलांडण्याच्या प्रत्येक जागी अलीकडच्या काठाच्या पक्क्या कातळावर, पात्रातली सर्वांत खोल जागा घोटाभर आणि गुडघाभर असताना पाणी जिथवर येते त्या दोन पातळ्यांवर रंगाचे पट्टे ओढावेत. दुसरा पट्टा बुडाला की वाट बंद. आणि पाणलोटाच्या माथ्यावरच्या गावात एक साधा पर्जन्यमापक ठेवून, त्याची नोंद सकाळी आणि दुपारी दरीच्या तोंडाशी असलेल्या वनरक्षकाच्या चौकीला कळवण्याचे काम त्याच गावातल्या कुणाला तरी मानधनावर द्यावे. वाटाड्याचे शुल्क तसेही घेतले जाते. त्यातला एक वाटा दरीच्या तोंडाशी न थांबता पठारावरच्या त्या गावापर्यंत जायला हरकत नसावी.